मोजणीयंत्राचा पडदा काय सांगतो?

जमिनीची मोजणी हा ग्रामीण जीवनातील अत्यंत जिव्हाळ्याचा, आणि म्हणूनच वादाचाही, विषय आहे. कुळागराची मेर, शेताचा बांध किंवा घराच्या परसाची गडग हातभर इकडची तिकडे झाली, तरी दोन घरांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद पडते. प्रकरण मामलेदार कचेरीत जाते आणि पुष्कळदा न्यायालयाची पायरीही चढते. पूर्वी मोजणी साखळीने होत असे. साखळीचे एक टोक एका खुणेवर व दुसरे टोक दुसऱ्या खुणेवर धरून कड्या मोजल्या जात. बांधावर उभ्या असलेल्या दोन्ही शेजाऱ्यांना हे सारे डोळ्यांनी दिसत असे. साखळीला झोळ पडला, तर "अजून ताणा" असे म्हणण्यास अक्षरओळखीची गरज नव्हती.

आज भूमापक एक काठी घेऊन येतो. काठीच्या माथ्यावर एक गोलसर डबा असतो आणि मध्यावर तळहाताएवढा पडदा. काठीचे टोक खुणेच्या दगडावर टेकवून तो काही क्षण थांबतो, बटण दाबतो आणि पुढच्या खुणेकडे वळतो. भोवती जमलेल्या मंडळींना काय मोजले, कसे मोजले आणि ते बरोबर आहे की नाही, यांपैकी काहीच उमगत नाही. "यंत्राने सांगितले" एवढ्यावर सर्वांनी समाधान मानावयाचे आणि पंचनाम्यावर सही किंवा अंगठा करावयाचा, अशी स्थिती होते.

वस्तुतः हे यंत्र केवळ जागा सांगून थांबत नाही. आपण सांगितलेल्या जागेची आपल्याला कितपत खात्री आहे, हेही ते त्याच पडद्यावर क्षणोक्षणी सांगत असते. ही खात्री पाच-सहा शब्दांत व आकड्यांत सामावलेली असते आणि ते वाचणे साखळीच्या कड्या मोजण्याहून फारसे अवघड नाही. शेतकरी, पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांना या पडद्याची भाषा परिचित व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उपग्रहांवरून जागा कशी कळते?

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या काही उपग्रहांचे कार्य एवढेच असते, की आपली वेळ व आपले स्थान रेडिओ लहरींद्वारे अखंड प्रक्षेपित करीत राहणे. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या प्रणाली साऱ्या जगासाठी उपलब्ध आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. ही प्रणाली भारत व सभोवतालच्या प्रदेशासाठी आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात, तर नाविकचे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर.

उपग्रहापासून निघालेली लहर जमिनीवरील यंत्रापर्यंत पोहोचण्यास जेवढा वेळ लागतो, त्यास प्रकाशाच्या वेगाने गुणले असता अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा निश्चित होते. तथापि यंत्रातील घड्याळ उपग्रहातील घड्याळाइतके काटेकोर नसते, म्हणून त्याची चूक शोधण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. हे घड्याळ किती काटेकोर असावयास हवे, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. सेकंदाच्या दहालक्षांश भागात प्रकाश सुमारे ३०० मीटर जातो. म्हणजे वेळेत तेवढी चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होईल.

खिशातील मोबाईल फोन याच पद्धतीने जागा सांगतो आणि मोकळ्या आकाशाखाली त्याची चूक काही मीटरांची असते. रस्ता शोधण्यास ते पुरेसे आहे, पण बांध ठरविण्यास त्याचा काही उपयोग नाही. दोन घरांमधील सारी गल्लीच तीन-चार मीटरांची असते!

मीटरांवरून सेंटिमीटरांकडे

मोजणीयंत्र हेच काम एक-दोन सेंटिमीटरांपर्यंत कसे करते? त्यासाठी दोन युक्त्या योजल्या जातात.

पहिली युक्ती जोडयंत्राची. एक यंत्र ज्ञात जागेवर स्थिर ठेवलेले असते. भूमापकाच्या हातातील यंत्र फिरते असून त्यास रोव्हर म्हणतात. स्थिर यंत्रास आपली खरी जागा अगोदरच ठाऊक असते. उपग्रहांवरून येणाऱ्या लहरींत वातावरणामुळे व इतर कारणांनी किती फरक पडत आहे, हे त्याच्या नोंदींवरून कळते आणि ती माहिती रेडिओद्वारे किंवा मोबाईल जाळ्यावरून रोव्हरला दर सेकंदाला मिळत राहते. जवळपासच्या दोन्ही यंत्रांना बहुतांशी सारखाच फरक जाणवत असल्यामुळे तो वजा करता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने अलीकडे देशभर अशी कायम कार्यरत संदर्भ केंद्रे उभारली आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोनद्वारे होणाऱ्या गावठाण मोजणीसही अशा केंद्रांचा आधार मिळाला आहे.

दुसरी युक्ती अधिक सूक्ष्म आहे. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत असते. आलेल्या लहरीचा कोणता भाग या क्षणी यंत्रापाशी आहे, हे यंत्रास काही मिलिमीटरांपर्यंत ओळखता येते. मात्र उपग्रह आणि यंत्र यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती आहेत, हे त्यास प्रारंभी ठाऊक नसते. तास काटा गळून पडलेले घड्याळ डोळ्यांपुढे आणावे. मिनिट काटा वीस मिनिटे झाल्याचे अगदी अचूक दाखवितो, पण किती वाजून वीस मिनिटे, हे त्या घड्याळावरून कळत नाही. मोजणीयंत्राची प्रारंभीची स्थिती नेमकी अशी असते. अनेक उपग्रहांच्या नोंदी एकमेकींशी ताडून, प्रत्येक उपग्रहाबाबत पूर्ण लहरींची संख्या निश्चित करणे हेच त्याचे खरे काम होय. ही गोष्ट ध्यानात राहिली, की पडद्यावरील पहिला शब्द आपोआप समजतो.

पहिला शब्द : सिंगल, फ्लोट की फिक्स?

पडद्याच्या वरच्या भागात यंत्राची अवस्था दर्शविणारा एक शब्द असतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत मांडणी व रंग वेगळे असतात, परंतु अवस्था सामान्यतः पुढीलप्रमाणेच असतात.

'सिंगल' म्हणजे रोव्हर एकटाच काम करीत आहे आणि स्थिर यंत्राची मदत त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. अशा वेळी त्याची योग्यता मोबाईल फोनहून थोडीच अधिक, म्हणजे मीटरांच्या हिशेबातली असते. काही यंत्रांवर 'डीजीपीएस' अशी अवस्था दिसते. मदत मिळत आहे, पण लहरींचे सूक्ष्म मोजमाप अद्याप वापरले जात नाही, असा तिचा अर्थ. येथील चूक साधारणपणे मीटरभर किंवा त्याहून थोडी कमी असते.

'फ्लोट' म्हणजे सूक्ष्म मोजमाप सुरू झाले आहे, पण पूर्ण लहरींची संख्या ठरलेली नाही. घड्याळाच्या भाषेत सांगावयाचे, तर यंत्र म्हणत असते की तीन आणि चार यांच्या मध्ये कोठेतरी वीस मिनिटे झाली असावीत. या अवस्थेत चूक काही सेंटिमीटरांपासून अर्ध्या मीटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक असू शकते. काही क्षण स्थिर उभे राहिल्यास फ्लोट जाऊन फिक्स येते, म्हणून येथे घाई न करणे हेच उचित.

'फिक्स' म्हणजे पूर्ण लहरींची संख्या निश्चित झाल्याचे यंत्राचे म्हणणे आहे. सीमाचिन्हाची नोंद याच अवस्थेत व्हावयास हवी. चांगल्या परिस्थितीत आडव्या दिशेतील चूक या अवस्थेत एक-दोन सेंटिमीटरांची असते.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. पडद्यावर अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सात-आठ अंकांपर्यंत दिसतात. अंशाच्या पाचव्या दशांश स्थळाचे मूल्य जमिनीवर सुमारे १.१ मीटर, तर सातव्याचे सुमारे १.१ सेंटिमीटर असते. तथापि 'सिंगल' अवस्थेतही यंत्र हे सारे अंक दाखवीतच राहते. अंकांची लांबी हा अचूकतेचा पुरावा नव्हे. पुरावा पाहावयाचा तो अवस्थादर्शक शब्दात आणि त्याशेजारच्या आकड्यांत.

उपग्रहांची संख्या आणि पीडॉप

शब्दाच्या शेजारी बहुधा '२४/३१' अशा रीतीचा आकडा असतो. ३१ उपग्रह आकाशात उपलब्ध असून त्यांपैकी २४ उपग्रह हिशेबात घेतले आहेत, असा त्याचा अर्थ. क्षितिजालगतच्या उपग्रहांच्या लहरी वातावरणातून तिरप्या व लांब मार्गाने येतात. त्यामुळे क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांपर्यंतचे उपग्रह सामान्यतः वगळले जातात. फिक्स अवस्थेसाठी स्थिर यंत्र व रोव्हर या दोघांनाही दिसणारे किमान पाच उपग्रह लागतात. उघड्या माळावर आता ही संख्या सहज वीसच्या वर जाते. ती एकदम आठ-नऊवर आली, तर वर पाहावे. बहुधा माड, पोफळी किंवा आंब्याचा विस्तार आकाश झाकून असतो.

केवळ संख्या मात्र पुरेशी नाही. मांडवाचा खांब चारही दिशांना दोर ताणून बांधला तर घट्ट उभा राहतो. तेच चारही दोर एकाच बाजूला बांधले, तर खांब डोलू लागतो. उपग्रहांचेही तसेच आहे. ते आकाशात सर्वत्र विखुरलेले असतील तर जागा पक्की ठरते आणि एकाच कोपऱ्यात दाटले असतील तर डळमळीत होते. ही मांडणी किती चांगली आहे, हे 'पीडॉप' नावाचा आकडा सांगतो. तो जितका लहान तितका चांगला. २ पेक्षा कमी असल्यास उत्तम, ३ ते ४ पर्यंत चालण्यासारखा, आणि ६ च्या वर गेल्यास नोंद करू नये, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. डोंगराच्या कुशीत किंवा उंच इमारतीलगत अर्धे आकाश झाकलेले असते. तेथे उपग्रहांची संख्या बरी दिसूनही पीडॉप वाढलेला आढळतो.

आडवी चूक आणि उभी चूक

यानंतर 'एच' व 'व्ही' या अक्षरांपुढे मीटरमध्ये दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ०.०११ आणि ०.०१९. पहिला आकडा आडव्या दिशेतील, म्हणजे जागेतील, संभाव्य चूक दाखवितो आणि दुसरा उंचीतील. वरील उदाहरणात जागेची चूक सुमारे १ सेंटिमीटर व उंचीची सुमारे २ सेंटिमीटर आहे. पुष्कळशा यंत्रांत हा आकडा साधारणतः तीनपैकी दोन वेळा खरी चूक त्याच्या आत असेल अशा बेताने काढलेला असतो. म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात तो दुप्पट धरून चालणे शहाणपणाचे ठरते.

उंचीची चूक नेहमीच अधिक का असते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. कारण सोपे आहे. पूर्व-पश्चिम व दक्षिण-उत्तर अशा दोन्ही अंगांना उपग्रह असतात, पण पायाखाली पृथ्वीच असल्यामुळे खालच्या बाजूने एकही लहर येत नाही. दोर फक्त वरून ताणलेले, अशी ती स्थिती होय.

उंचीबाबत आणखी एक गोष्ट खाजन जमिनींच्या व बांधांच्या कामात महत्त्वाची ठरते. यंत्र मुळात जी उंची काढते, ती समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसल्याने समुद्राची सपाटी या गणिती आकाराशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ती सुमारे १०६ मीटरने खाली आहे. जगातील ही सर्वांत खोल जागा असून तिचा प्रभाव आपल्या किनाऱ्यावरही आहे. त्यामुळे मांडवीच्या काठी उभे राहूनही काही वेळा पडद्यावरील उंची शून्याच्या कितीतरी खाली दिसते. यंत्र बिघडलेले नसते. उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे, हे विचारले पाहिजे आणि नकाशावर ते लिहिले पाहिजे.

मदतीचे वय

'एज' या शब्दापुढील आकडा सेकंदांत असतो. स्थिर यंत्राकडून आलेली अखेरची मदत किती जुनी आहे, हे तो सांगतो. एक-दोन सेकंद ही निरोगी स्थिती होय. मोबाईलचे जाळे क्षीण असलेल्या सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या दऱ्याखोऱ्यांत हा आकडा वाढू लागतो. तो वाढत असताना पडद्यावर काही काळ 'फिक्स' हा शब्द तसाच राहतो, पण त्यामागचा आधार शिळा होत असतो. आकडा दहा सेकंदांच्या पलीकडे गेल्यास थांबून संपर्क पूर्ववत होण्याची वाट पाहावी.

यंत्राच्या डब्यावरील दिव्यांतही हीच माहिती असते. मदत मिळत असेल तोपर्यंत त्यासाठीचा दिवा ठरावीक तालाने लुकलुकतो. तो थांबला, की पडद्याकडे न पाहताही संपर्क तुटल्याचे कळते. दिव्यांचे रंग व क्रम प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

स्थिर यंत्र किती दूर आहे, यासही महत्त्व आहे. अंतर वाढते तसतसे दोन्ही ठिकाणचे वातावरण वेगळे होत जाते. यंत्रांच्या माहितीपत्रकांत आडवी चूक सामान्यतः ८ मिलिमीटर, अधिक दर किलोमीटरला १ मिलिमीटर, अशी दिलेली असते. त्यानुसार १० किलोमीटर अंतरावर ती १८ मिलिमीटर होते.

'फिक्स' असूनही सावध का राहावे?

यंत्र प्रामाणिक असले तरी फसू शकते. पत्र्याचे छप्पर, उभी बस, काचेची भिंत किंवा पाण्याचा पृष्ठभाग यांवर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीपेक्षा लांबचा प्रवास करते. यंत्र कधी कधी तीच खरी मानते. दाट पोफळीच्या कुळागरात पानांतून गाळून आलेल्या लहरी क्षीण व तुटक असतात. अशा ठिकाणी पूर्ण लहरींची संख्या एक-दोनने चुकू शकते. तसे झाल्यास पडद्यावर 'फिक्स' हा शब्द आणि दोन सेंटिमीटरांचा आकडा झळकत असतो, आणि प्रत्यक्षात खूण वीतभर किंवा त्याहून अधिक सरकलेली असते.

सूर्याचाही यात वाटा आहे. आपल्या माथ्यावरील वातावरणाच्या विद्युत्भारित थरामुळे लहरींना विलंब होतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत, म्हणजे आपल्याकडेही, हा थर दुपारी विशेष दाट असतो आणि मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यास्तानंतर काही तास तो खळबळतो. सूर्यावरील घडामोडी वाढल्या, की त्रास अधिक होतो. १० व ११ मे २०२४ रोजी आलेल्या भूचुंबकीय वादळात अमेरिकेतील कित्येक शेतकऱ्यांना उपग्रहांच्या मार्गदर्शनाने चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबवावे लागले होते. सीमेची मोजणी शक्यतो सकाळच्या प्रहरी करणे यामुळे हितावह ठरते.

फसवे फिक्स ओळखण्याचा उपाय सोपा आहे. नोंद झाल्यावर यंत्राचा हिशेब पुसून त्यास पुन्हा पहिल्यापासून फिक्स मिळवू द्यावे आणि तीच खूण दुसऱ्यांदा मोजावी. शक्य असल्यास दुसरी मोजणी अर्ध्या-पाऊण तासाने करावी, म्हणजे तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. दोन्ही वेळची जागा दोन-तीन सेंटिमीटरांत जुळली, तर विश्वास ठेवावयास हरकत नाही. न जुळल्यास झाडीबाहेर मोकळ्यावर दोन पक्के बिंदू घेऊन, तेथून टोटल स्टेशन यंत्राने किंवा फितीने खुणेपर्यंत मोजणे हाच राजमार्ग होय.

पडदा जे सांगत नाही

काही गोष्टी अशा आहेत, की त्यांबाबत पडदा पूर्णपणे मौन पाळतो किंवा जे सांगितले तेच परत सांगतो.

यंत्र जागा मोजते ती माथ्यावरील डब्याची. ती खाली खुणेवर आणण्यासाठी काठी ओळंब्यात उभी असावी लागते. दोन मीटरांची काठी केवळ एक अंश कलली, तरी जागा साडेतीन सेंटिमीटरांनी चुकते. म्हणून काठीवरील पाण्याचा बुडबुडा मध्यावर आहे की नाही, हे पाहावे. काठीचा कल स्वतः ओळखून दुरुस्त करणारी यंत्रेही आता आली आहेत, पण सीमाचिन्हासाठी काठी सरळ धरणे केव्हाही चांगले. काठीची उंचीही भूमापकाने हाताने भरलेली असते. काठी १.८० मीटरवर असून पडद्यावर २.०० असेल, तर प्रत्येक उंची २० सेंटिमीटरांनी चुकेल आणि यंत्रास त्याचा पत्ताही लागणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट स्थिर यंत्राची. त्याची जागा चुकीची भरली असेल, तर रोव्हरचे सारे बिंदू तेवढ्याच अंतराने एका दिशेस सरकतात. पडद्यावर फिक्स उत्तम, पीडॉप उत्तम, आणि तरीही सारे शेत शेजाऱ्याच्या हद्दीत! भारताचा भूखंडही दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्यामुळे दहा वर्षांपूर्वीची जागतिक निर्देशांकांतील जागा आणि आजची जागा यांत अर्ध्या मीटरचा फरक दिसू शकतो. जमीन व शेजारी दोन्ही बरोबरच सरकत असल्याने बांध हलत नाही, परंतु दोन काळांतील आकडे संदर्भ न पाहता एकत्र केले, तर कागदावर तो हललेला दिसतो.

यावरील उपाय जुनाच आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ केला. हेच काम करीत असता १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. मध्य भारतातील सिरोंजच्या आधाररेषेवरून गणिताने काढलेली डेहराडूनच्या रेषेची लांबी त्याने जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या लांबीशी ताडून पाहिली. शेकडो मैलांच्या त्रिकोणांनंतर दोहोंत काही इंचांचाच फरक निघाला. आपले गणित बरोबर आहे, असे म्हणून ती माणसे थांबली नाहीत. दुसऱ्या टोकास जाऊन त्यांनी ते तपासले. आजच्या भूमापकासही हाच नियम लागू आहे. काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर, ज्याची जागा अगोदरच पक्की ठाऊक आहे अशा एखाद्या बिंदूवर काठी टेकवावी आणि पडद्यावरील आकडा नोंदीतील आकड्याशी जुळतो की नाही, हे सर्वांसमक्ष पाहावे.

अखेरची मर्यादा सर्वांत मोठी आहे. काठीचे टोक कोठे आहे, एवढेच यंत्र सांगते. ते टोक ज्या दगडावर टेकविले आहे तोच खरा सीमादगड आहे काय, तो कोणी मागाहून हलविला आहे काय, आणि कागदोपत्री हद्द कोठून जाते, हे प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहेत. त्यांची उत्तरे सर्वे नकाशा, एक-चौदाचा उतारा, जुने दस्तऐवज व जाणत्या माणसांची साक्ष यांतूनच मिळावयाची. दोन सेंटिमीटरांची अचूकता चुकीच्या दगडास बरोबर ठरवू शकत नाही.

बांधावर विचारावयाचे प्रश्न

मोजणीच्या वेळी उपस्थित राहणाऱ्या खातेदारांनी व पंचांनी पुढील बाबी नम्रपणे विचाराव्यात :

१. प्रत्येक खूण नोंदविताना पडद्यावर 'फिक्स' हाच शब्द होता काय?

२. आडव्या चुकीचा आकडा किती होता आणि पीडॉप किती?

३. मदतीचे वय एक-दोन सेकंदांच्या आसपास होते काय?

४. बुडबुडा मध्यावर होता काय, व काठीची उंची बरोबर भरली होती काय?

५. झाडाखालील किंवा भिंतीलगतच्या खुणा दुसऱ्यांदा मोजल्या काय?

६. कामाच्या प्रारंभी व अखेरीस ज्ञात बिंदूवर पडताळणी झाली काय, आणि फरक किती आला?

या प्रश्नांनी भूमापकाचा अवमान होतो, असे कोणी समजू नये. काळजीपूर्वक काम करणारा भूमापक हे सारे स्वतःच पाहत असतो, आणि ग्रामस्थांसमोर ते मोठ्याने सांगण्यात त्याचेही हित आहे. पुढे वाद उत्पन्न झाल्यास, प्रत्येक खुणेची अवस्था, चूक व वेळ यांची यंत्रात साठविलेली नोंदच त्याच्या बाजूने साक्ष देते. कर्मचाऱ्यांनी ही नोंद मोजणीच्या कागदपत्रांसोबत जतन करावी, हे इष्ट होय.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. शाळेच्या आवाराचा एकच कोपरा ठरवून, मोबाईल फोनवर दिवसातून तीन वेळा तेथील अक्षांश-रेखांश विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावेत व पाचव्या दशांश स्थळापर्यंत त्यांची तुलना करावी. कोपरा जागचा हललेला नसतो, तरी आकडे मात्र काही मीटरांनी हललेले आढळतात. मोजमाप म्हणजे केवळ एक आकडा नसून, तो आकडा आणि त्यावर ठेवावयाच्या विश्वासाची मर्यादा ही जोडी असते, हा धडा त्यातून मुलांच्या मनावर ठसेल. हीच मुले उद्या आपापल्या बांधावर उभी राहणार आहेत.

साखळीच्या काळी मोजणी सर्वांच्या डोळ्यांसमोर होत असे, हीच तिची खरी प्रतिष्ठा होती. उपग्रहाच्या काळातही ती तशीच राहावी, यासाठी पडदा भूमापकाने लोकांकडे वळवावा आणि लोकांनी तो वाचावा.